पान दोनशे अकरा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी मापाडी.
पहाटेपासून गोण्यांची वजनं पुकारतो,
बावन्न तीनशे, एकावन्न नऊशे,
आणि दुपारी, अंघोळीच्याही आधी,
कादंबरी लिहायचो. सहा वर्षं.
पावत्यांच्या पाठीवर, व्यापाऱ्यांच्या जुन्या डायऱ्यांत.
कागदाला कांद्याचा वास लागायचा, तो गेला नाही.

कोपरखैरण्यात एका गाळ्यावर पाटी आहे:
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, डीटीपी.
तिथे रेश्मा मढवी बसते. पंधरा रुपये पान.
माझं अक्षर लावता लावता विचारायची,
'काका, हौसा इथे रडली, की नुसती रडवेली झाली?'
'काका, थप्पी म्हणजे काय? थापड?'
नाही गं, गोण्यांची थप्पी. एकावर एक रचलेली.
पुढे लागेल तुला.

अकरा प्रती गेल्या अकरा पत्त्यांवर.
कुरियरवाल्याचा काटा दर वेळी
नऊशे त्र्याऐंशी ग्रॅम दाखवायचा
आणि मी, धंद्यानं मापाडी, मान डोलवायचो.

सहा जणांनी काहीच कळवलं नाही.
ठाण्याला नौपाड्यात एकांनी चहा पाजला,
कागदाचे भाव सांगितले, मग माझा पगार विचारला.
साठ हजार भरा, दोनशे प्रती तुमच्या.
घरी मी चहाचं तेवढं सांगितलं.
एक गठ्ठा परत आला, त्याचा सुतळीचा तोडाही सुटला नव्हता.
गाठ माझीच. मार्केटची गाठ आहे, कळते.

आणि एक पत्र आलं. खरं पत्र, सहीशिक्क्याचं:
'हौसाचा मृत्यू अंगावर येतो. शेवट विशेष साधला आहे.
तथापि यंदाची यादी भरली आहे.'
ते खिशात घालून हिंडलो महिनाभर.
टोळीतल्या बाजीरावला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, 'मग छापत का न्हाईत?'

बारावी प्रत काढायला गेलो तेव्हा
रेश्मालाही दाखवलं.
तिनं दोनदा वाचलं. मशीन बंद केलं.
'काका, शेवटचं पान मी टाईपच नाही केलं.
थप्पी सरकते तिथपर्यंत आले,
पुढे माझ्याच्यानं नाय झालं.
पैसेपण नाय घेतले. बिल बघा, दोनशे दहाचं आहे.
मला वाटलं, तुम्ही विचाराल.
मग वाटलं, कोणीतरी विचारेल.'

घरी येऊन दिवा लावला.
सोबत पाठवायचा सारांश काढला, एक पानी.
त्याच्या तळाशी मीच लिहिलं होतं:
अखेर गोण्यांखाली हौसाचा मृत्यू होतो.
शेवट विशेष साधला आहे.

मग प्रत उघडली. मीही नव्हती उघडली कधी,
नवी कोरी म्हणून जपून ठेवली होती.
दोनशे दहावर हौसा बारदान शिवता शिवता
सुई दातात धरून वर बघते.
खाली वाक्य अर्धं आहे: 'आणि तेवढ्यात'
पुढे टिंबही नाही.
अकरा दारांत ती तशीच उभी आहे,
सुई दातात, मान वर.

एक पान पाच ग्रॅमसुद्धा भरत नाही.
पन्नास किलोच्या काट्यावर ते दिसणार कुठे,
पण मला दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा म्हणाली,
'करू का आता? पाच मिनिटांचं काम.'
थांब म्हणालो.
गिऱ्हाईक आलं, आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स, पुढून-मागून.
ते गेल्यावर तिनं हळूच विचारलं,
'खरंच गेली का ती?'
अठ्ठ्याण्णव साली, म्हटलं, आमच्याच गाळ्यात.
वजन मीच पुकारत होतो.
नाव हौसा नव्हतं.

'काय होतं मग?'

हे मला आजवर
कोणी विचारलं नव्हतं.
सांगितलं.